खांद्याचा हिशेब कोण ठेवणार?

खेळाडूचे दुखणे हा आपल्याकडे चेष्टेचा विषय झाला आहे. एखाद्या गोलंदाजाने मालिकेतून माघार घेतली की चहाच्या टपरीवर लगेच निकाल लागतो, "कोट्यवधी रुपये घेतात आणि खांदा दुखतो म्हणून घरी बसतात!" खांदा दुखतो म्हणजे नेमके काय होते, तो का दुखतो, आणि दुखत असतानाही तो माणूस इतके दिवस गप्प का होता, हे कोणी विचारत नाही. हे प्रश्न आज आम्ही विचारणार आहोत. त्यासाठी उदाहरण घेणार आहोत अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचे.

कोपरगावचा वाचक म्हणेल, इथे उसाचे, पाण्याचे आणि पोरांच्या नोकऱ्यांचे प्रश्न पडलेले असताना हा बेसबॉल कुठून काढला? उत्तर सरळ आहे. बेसबॉल आता आपल्याकडच्या शालेय स्पर्धांतही खेळला जातो, हे एक. पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. अंग मोडून काम करणाऱ्या माणसाच्या दुखण्याची नोंद कोणी ठेवायची, हा प्रश्न त्या मैदानावर जितका उघडा पडला आहे तितका दुसरीकडे क्वचितच पडला असेल. आणि हा प्रश्न आपला आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या अंगाची मेहनत घेतली गेली आणि दुखणे मात्र मोजलेच गेले नाही, त्यांचा हा प्रश्न आहे.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे तो साधारण १४५ ग्रॅमचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फेकतो. क्रिकेटच्या गोलंदाजाला धाव घेता येते. पिचर जागेवरूनच फेकतो. त्या क्षणी त्याचा खांदा ज्या वेगाने फिरतो, ती माणसाच्या शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक मानली जाते. सगळा ताण येतो तो कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्याशा अस्थिबंधावर. एका सामन्यात असे नव्वद-शंभर चेंडू, पाच-सहा दिवसांनी पुन्हा तेवढेच, आणि सहा महिन्यांच्या हंगामात संघाचे सामने १६२! एका फेकीने काही तुटत नाही. पण दोरी रोज थोडी थोडी झिजावी तसा तो बंध झिजतो आणि एके दिवशी जातो.

१९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचा हाच बंध तुटला. त्या काळी याचा अर्थ एकच होता, कारकीर्द संपली. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हाताचा स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. टॉमी जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि शेकडो पिचरांवर ती झाली आहे. काहींवर तर दोनदा झाली. विज्ञानाने तुटलेला हात जोडला, याचे आम्हाला कौतुकच आहे. पण हात जोडता येतो म्हटल्यावर हात तोडणाऱ्या कामाचा वेग कमी झाला काय? तो वाढला. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध केला. चेंडूचा वेग वाढवण्याची स्पर्धा आणि प्रत्येक फेकीला शरीरातला सगळा जोर लावण्याची पद्धत ही पिचरांच्या वाढत्या दुखापतींची मोठी कारणे आहेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे रोग काय आहे हे मालकांना माहीत आहे. तरीही ज्याचा वेग जास्त त्यालाच भाव जास्त.

हे झाले हाडामांसाचे. आता मनाचे बघू. मनावरचा ताण आणि अंगाचे दुखणे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे आज वैद्यकशास्त्र मानते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात शरीराच्या जाणिवेबरोबर भावनेचाही समावेश आहे. मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली मांडले, की ताणाखाली असलेल्या खेळाडूचे स्नायू आवळलेले राहतात, त्याचे लक्ष आकुंचित होते आणि म्हणून त्याला इजा होण्याचा धोका वाढतो. घरी पैसे पाठवायचे आहेत, जागा जाण्याची भीती आहे, झोप नाही, वर प्रेक्षकांच्या शिव्या आहेत. असा माणूस जेव्हा हात फिरवतो, तेव्हा तो हात मोकळा नसतो. त्याची पाठ धरते, मान आखडते, खांद्यात कळ येते. क्ष-किरण फोटोत काही दिसले नाही म्हणजे तो नाटक करतो, असे म्हणणे हे अज्ञान आहे. वेदना खरीच असते. तिचे मूळ फक्त फोटोत मावत नाही.

झॅक ग्रिंकी हा कॅन्सस सिटी रॉयल्सचा तरुण पिचर २००६ मध्ये नैराश्य आणि चिंतेच्या विकारामुळे संघ सोडून गेला. हात धड होता, मन थकले होते. संघाने वेळ दिला, उपचार झाले, तो परतला आणि २००९ मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. वेळ मिळाला म्हणून माणूस वाचला! ज्यांना असा वेळ मिळत नाही, ते कोण असतात?

इथे जॅकी रॉबिन्सनचे नाव घ्यावेच लागेल. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून तो मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली कित्येक दशकांची वर्णबंदी मोडली. आदल्याच दिवशी इकडे बाबासाहेबांना ५६ वर्षे पूर्ण झाली होती. रॉबिन्सनला संघात घेणारे ब्रँच रिकी यांनी त्याच्याकडून एक वचन घेतले होते. शिव्या मिळाल्या, अंगावर चेंडू आला, कोणी खिळ्यांच्या बुटांनी पाय ओरबाडला, तरी उलट उत्तर द्यायचे नाही! रॉबिन्सनने ते पाळले. फिलाडेल्फियाच्या व्यवस्थापकाने त्याला भर मैदानात वर्णावरून घाणेरड्या शिव्या दिल्या, ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली, आणि त्या सगळ्यात त्याने चांगले खेळायचे होते. एक चूक झाली असती तर ती एकट्या रॉबिन्सनची ठरली नसती, साऱ्या काळ्या समाजाची ठरली असती. हे ओझे कोणत्या यंत्राने मोजायचे? १९५६ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला. मधुमेहाने आणि हृदयविकाराने त्याला पोखरले, दृष्टी जवळजवळ गेली, आणि १९७२ मध्ये अवघ्या ५३ व्या वर्षी तो वारला. एका वर्णद्वेषानेच त्याला मारले, असे कोणी डॉक्टर लिहून देणार नाही, आणि आम्हीही तसे म्हणत नाही. पण गिळलेला अपमान शरीरात कुठे जातो, हे ज्यांनी तो गिळला आहे त्यांना विचारावे. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात त्याचा साक्षीदार आहे.

सॅचेल पेज हे दुसरे नाव. काळा असल्यामुळे उमेदीची सारी वर्षे त्याच्यासाठी मेजर लीगचे दार बंद होते. मग गावोगाव फिरून, त्याच्या नावावर जमणाऱ्या गर्दीसाठी, हंगाम असो-नसो तो चेंडू फेकत राहिला. १९३८ साली मेक्सिकोत त्याचा हात इतका दुखावला की सारे संपले असे वाटले. हात पुढे सुधारला. पण मेजर लीगमध्ये त्याचे पदार्पण झाले ते १९४८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी! ज्याला मुख्य मैदान नाकारले जाते त्याला दुप्पट राबावे लागते, आणि त्याच्या दुप्पट राबण्याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

हे ऐकून कोणाला आपले पालवणकर बाळू आठवले नाहीत तरच नवल. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांच्या पगारावर खेळपट्टीची निगा राखत, जाळी लावत आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करीत. त्यांच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे काम! त्या राबण्यातून हिंदुस्थानातला पहिला थोर फिरकी गोलंदाज घडला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चालत होता, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्यामुळे त्यांच्या खांद्यावरचे ओझे खोटे ठरत नाही. त्या तासन् तास टाकलेल्या चेंडूंची मोजदाद कोणी केली? कोणीच नाही. धावा साहेबांच्या नावावर लागल्या, घाम बाळूंचा गेला.

मोजदाद हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेत लहान मुलांचे बेसबॉल चालवणाऱ्या लिटल लीगने २००७ पासून चेंडूंच्या मोजणीचा नियम आणला. ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ पेक्षा जास्त चेंडू फेकायचे नाहीत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा त्याहून जास्त फेकले, तर पुढचे चार दिवस त्याला चेंडू फेकायला लावायचे नाही. सामना हातातून जात असला तरी नाही, प्रशिक्षकाने डोळे वटारले तरी नाही. कोणीतरी वही घेऊन बसतो आणि प्रत्येक फेकीला एक रेघ मारतो. एवढी साधी गोष्ट! २०१४ मध्ये मेजर लीगनेही वयोगटानुसार अशीच मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेही तरुण वेगवान गोलंदाजांच्या षटकांवर वयानुसार मर्यादा घातली आहे.

पण ही वही सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. मेजर लीगमधल्या परदेशी खेळाडूंत सर्वांत जास्त खेळाडू डॉमिनिकन रिपब्लिक या छोट्या, गरीब देशातून येतात. तिथे ‘बुस्कोन’ नावाचे दलाल लहान पोरे हेरतात, त्यांना तयार करतात आणि सोळाव्या वर्षी करार झाला की त्यातला वाटा घेतात. पोराचा हात म्हणजे त्यांची गुंतवणूक. आपल्याकडच्या वाचकाला मुकादम समजावून सांगावा लागत नाही, त्याला बुस्कोनही लगेच समजेल. आणि अमेरिकेतच मेजर लीगच्या खाली खेळणारे हजारो खेळाडू वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर राबत होते. २०२२ मध्ये ते संघटनेत आले, तेव्हा कुठे २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला आणि सर्वांत वरच्या गटाचे किमान वेतन वर्षाला १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेले. संघटित झाले, संघर्ष केला, मिळवले! हा मंत्र आम्हाला नवा नाही.

उत्तर प्रदेशातल्या भालाफेक करणाऱ्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन गरीब घरच्या मुलांना २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडून अमेरिकेत नेण्यात आले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. त्यांच्यावर हॉलिवुडने चित्रपटही काढला. दिनेशला २०१० मध्ये संघाने सोडले. ट्रकचालकाचा मुलगा असलेला रिंकू टिकला, पण २०१३ पासून दुखापतींनी त्याचे हंगामामागून हंगाम खाल्ले. पुढे तो कुस्तीच्या तमाशाकडे वळला. चित्रपट निवड होईपर्यंतचा आहे. झिजलेल्या हाताचा चित्रपट कोणी काढत नाही.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. कोपरगावहून दौंडच्या रेल्वेमार्गावर थोडे पुढे गेले की श्रीरामपूर. तिथला झहीर खान भारताचा सर्वोत्तम डावखुरा वेगवान गोलंदाज झाला. ९२ कसोटींत ३११ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१ बळी. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला, नंतर घोट्याची शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्त होताना त्याने खांद्याचेच कारण सांगितले. दिवसाला अठराएक षटकांचा भार हा खांदा आता सोसणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ होता. झहीरच्या दिमतीला भौतिकोपचारतज्ज्ञ होते, शल्यविशारद होते, मंडळाचा पैसा होता. इतके असून ही गत! मग ज्याच्या दिमतीला बामच्या डबीशिवाय काही नाही, त्या पोराचे काय?

आमच्या कोपरगाव तालुक्यात साखर कारखाने आहेत. हंगामात ऊसतोड कामगार कोप्या टाकून राहतात. उचल घेतलेली असते, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो. म्हणून पाठ मोडली तरी कोयता थांबत नाही. खाड्याच्या भीतीने दुखणे लपवायचे, हा त्या कामाचा अलिखित नियम झाला आहे. अगदी हाच नियम आपल्या पोरांनी मैदानावर नेला आहे. तालुक्याची स्पर्धा, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. एका पायरीवर बसलो तर पुढची पायरी गेली. प्रमाणपत्र गेले तर सवलतीचे गुण गेले, नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण गेले. पोलीस भरतीच्या मैदानात गोळाफेकीचे गुण आहेत. त्यासाठी महिनोन् महिने गोळा फेकणारा मुलगा खांद्यातली कळ कोणाला सांगणार? बापाला सांगितले तर बाप घाबरेल, प्रशिक्षकाला सांगितले तर नाव कापले जाईल. त्यातून मुलगी असेल तर आणखीच कठीण. "आधीच खेळायला पाठवले हेच खूप झाले, आता दुखते म्हणतेस तर घरी बस!" म्हणून ती सांगतच नाही. ज्या घरात एका पोराच्या खेळावर सगळ्यांच्या भाकरीची आशा आहे, त्या घरच्या पोराचा खांदा निव्वळ चेंडूचे वजन उचलत नसतो.

त्यावर "आपली पोरे काटक असतात, त्यांना काही होत नाही" असे कौतुकाने म्हणणारे भेटतात. या कौतुकापासून सावध राहिले पाहिजे. काटक म्हणून आपल्या बापजाद्यांकडून वेठ घेतली गेली, आणि काटक म्हणूनच त्यांच्या औषधाची सोय केली गेली नाही. अस्थिबंधाला जात नसते. तो डॉलरवाल्याचाही तुटतो आणि झोपडीतल्याचाही तुटतो. फरक तुटल्यानंतर पडतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यामागचे तत्त्व काय होते? माणसाचे शरीर अमर्याद नाही, त्याच्या कामाला मोजमाप पाहिजे, आणि ते मोजमाप मालकाच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात पाहिजे. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी स्त्री कामगारांच्या प्रसूती रजेचा जोरदार पुरस्कार केला, त्यामागेही हाच विचार होता. विश्रांती ही भीक नाही, हक्क आहे. जो नियम गिरणीतल्या हातांना लागू, तो मैदानावरच्या हातांना का नको?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. चेंडू फेकण्याच्या प्रत्येक शालेय खेळात, मग तो बेसबॉल असो की क्रिकेट, वयानुसार फेकीची आणि षटकांची मर्यादा शासनाने ठरवावी आणि शाळेने नोंदवही ठेवावी. वही-पेन्सिलीला निधी लागत नाही. जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक स्पर्धेत भौतिकोपचारतज्ज्ञ हजर असावा आणि ग्रामीण रुग्णालयात खेळाडूंसाठी ठरावीक दिवस असावा. खेळताना इजा झालेल्या विद्यार्थ्याचा उपचाराचा खर्च विम्यातून मिळावा आणि दुखापतीमुळे त्याची वसतिगृहातली जागा वा शिष्यवृत्ती जाऊ नये. क्रीडा प्रबोधिनी आणि वसतिगृहांत समुपदेशक नेमावा, आणि पोराने मनातली भीती सांगितली तर तिची ‘कमकुवत’ अशी नोंद होऊ नये.

शासन ऐकेल तेव्हा ऐकेल. जे आपल्या हातात आहे ते तरी आजच करता येईल. जयंतीनिमित्त गावोगाव आपली मंडळे टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा भरवतात. तिथे एकाच पोराला एका दिवसात तीन-तीन सामने खेळवले जातात, कारण तो संघाचा हुकमी गोलंदाज असतो. मंडळांनी आपल्या नियमपत्रिकेत एक ओळ घालावी: सोळा वर्षांखालील मुलाला दिवसात किती षटके, आणि त्यानंतर किती दिवस विश्रांती. पंचाशेजारी एक वही ठेवावी आणि ती वस्तीतल्या शिकलेल्या मुलीच्या हाती द्यावी. आईबापांनी पोराला किती बळी घेतले हे विचारताना हात दुखतो का, झोप लागते का, हेही विचारावे. आणि पोरांनी एवढे लक्षात ठेवावे, की दुखते म्हणून सांगणारा भित्रा नसतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे ज्यांनी सांगितले, त्यांनी अंग मोडून मुकाट राहा असे कधीही सांगितले नाही.

जय भीम!